६४१ ने उघडलेली संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून. संगणकाला आज ती किरकोळ वाटेल, पण जवळजवळ शतकभर तिच्याबद्दल एक चुकीचा समज टिकून होता.

सतराव्या शतकात पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला. आल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळसंख्या! घात असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळसंख्याच येतील, असं त्याला वाटे. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. पुढची संख्या आपली. १७३२ मध्ये लिओनहार्ड ऑयलरने तिचे अवयव दाखवले: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ही ११६ वी मूळसंख्या. एकेक मूळसंख्या घेऊन भागत बसलं तर हाती ११६ भागाकार येतात. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा केला, की उरलेल्याला ६४ ने भाग जायलाच हवा, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं. मग ६४१ पर्यंत तपासायला उरतात फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने ६४ च्या जागी १२८ आणले, आणि राहिल्या दोनच: २५७ व ६४१.

मला सर्वांत आवडते ती मात्र भागाकार न करता होणारी खात्री. ५ × १२८ = ६४०, म्हणजे ६४१ ला एक कमी. म्हणून ६४१ ने भागताना ५ × २<sup>७</sup> च्या जागी −१ धरता येतो. चौथा घात घेतला, की ५<sup>४</sup> × २<sup>२८</sup> ची बाकी १. आता ६४१ = ६२५ + १६, म्हणजेच ५<sup>४</sup> + २<sup>४</sup>. तेव्हा ५<sup>४</sup> च्या जागी −२<sup>४</sup> चालेल. उरतं −२<sup>३२</sup>, बाकी तीच १. म्हणजे २<sup>३२</sup> + १ ला पूर्ण भाग जातो. किती सुरेख! एवढी मोठी संख्या, आणि सारं काम ५ व २ च्या घातांवर भागलं.

तिचं संयुक्तपण आणखी एका वाटेने दिसतं. ती ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही. मूळसंख्येला अशा दोन वेगळ्या मांडण्या असूच शकत नाहीत.

भूमितीशीही तिचं नातं आहे. पाचही फर्मा मूळसंख्यांचा गुणाकार होतो ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येपेक्षा फक्त दोनने कमी. गाउस आणि वांत्झेल यांच्या कामामुळे आपल्याला माहीत आहे, की इतक्या बाजूंचा सुसम बहुकोन तत्त्वतः केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो. त्यात दोन बाजू वाढवल्या, की ते अशक्य.

सहावी फर्मा मूळसंख्या अजून सापडलेली नाही. आपल्या संख्येपासून सलग २८ फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यापुढच्या संख्येचा निकाल लागायचा आहे, आणि तिच्यात २५८ कोटींहून अधिक अंक आहेत.