स्वेटर गरम असतो का?

चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारून पाहा, ‘आपण स्वेटर का घालतो?’ उत्तर तयार असतं: ‘स्वेटर गरम असतो म्हणून!’ यात मुलाचा काही दोष नाही. आपण मोठी माणसंही ‘गरम कपडे’ असंच म्हणतो. पण कपाटात घडी घालून ठेवलेला स्वेटर हातात घ्या. तो खोलीतल्या खुर्चीइतकाच गार किंवा कोमट असतो. ‘माणसं कपडे का घालतात?’ हा प्रश्न मुलांशी बोलायला मला फार आवडतो तो यासाठीच, कारण उत्तराची सुरुवात एक पक्का गैरसमज मोडण्यापासून होते.

तो सांगून मोडत नाही, करून बघावं लागतं. खोलीचं तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर घ्या (तापाचा चालणार नाही). एक टेबलावर तसाच ठेवा, दुसरा जाड स्वेटरमध्ये गुंडाळा. आधी मुलाला अंदाज करू द्या. मग अर्ध्या तासानं बघा. आकडा दोन्हीकडे सारखाच! मूल लगेच मान्य करेल असं मात्र समजू नका. ‘आत वारा शिरला असेल’, ‘अजून थोडा वेळ ठेवू’ असं ते म्हणेल. ठेवू द्या रात्रभर. शंका काढणं आणि पुन्हा तपासणं हेच तर विज्ञान आहे, आणि ते इथे मूल आपण होऊन करतंय.

यानंतरचा प्रयोग माझा सगळ्यात आवडता. बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला. एक पिशवी उघडी ठेवा, दुसरी लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळा. कुठला बर्फ आधी वितळेल? बहुतेक मुलं स्वेटरकडे बोट दाखवतात. होतं मात्र उलट! स्वेटरमधला बर्फ जास्त वेळ टिकतो. स्वेटर उष्णता तयार करत नाही, तो तिची वाट अडवतो. बर्फाच्या बाबतीत बाहेरची उष्णता आत यायची वाट, आपल्या बाबतीत आतली बाहेर जायची.

वाट अडवण्याचं खरं काम लोकरीपेक्षा तिच्या धाग्यांमध्ये कोंडलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती हवेच्या साधारण पंचवीसपट सहज जाते, म्हणूनच भिजलेल्या कपड्यांत हुडहुडी भरते: हवेची जागा पाण्यानं घेतलेली असते. थंडीत पक्षी पिसं फुलवून बसतात तेही हवा कोंडण्यासाठीच. आणि आपल्या अंगावर काटा येतो, तेव्हा आपलं शरीरही नेमकं तेच करू पाहत असतं. केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू केस उभे करतात. फक्त आता तिथे हवा धरून ठेवण्याइतके दाट केसच उरलेले नाहीत.

मग ऊब येते कुठून? आपल्या आत एक शेगडी सतत पेटलेली असते, असं मुलांना सांगावं. शांत बसलेलं मोठं माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतं आणि शरीर आतून 37 अंश सेल्सियसच्या आसपास राहतं. उघड्या अंगानं, वारा नसताना, नुसतं बसून राहायचं असेल तर आपल्याला साधारण 28 अंश तापमान सोसतं. त्याहून गार झालं की ही शेगडी जास्त पेटवावी लागते किंवा उष्णता अडवावी लागते. तान्ह्या बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं त्वचेचा विस्तार जास्त, शिवाय त्याला नीट कुडकुडताही येत नाही. म्हणून त्याला आधी गुंडाळायचं.

इथे मूल विचारतंच, ‘मग कुत्रा का नाही कपडे घालत?’ त्याच्या अंगावर दाट केस असतात आणि आपल्यावर ते उरले नाहीत. त्याऐवजी आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो, हा उन्हातला मोठा फायदा. पण थंड प्रदेशात तीच उघडी त्वचा अडचणीची ठरते.

माणूस कपडे कधीपासून घालू लागला, याचा पुरावा चक्क उवांनी दिला आहे. कपडे कुजून जातात, पण डोक्यातल्या उवांची एक भावंड-जात कपड्यांच्या शिवणीत राहते आणि फक्त रक्त प्यायला अंगावर येते. कपडेच नसते तर तिला राहायला घर नसतं! फ्लोरिडा विद्यापीठातल्या डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली दोन्ही जातींचे डीएनए ताडून पाहिले आणि त्या 83 हजार ते 1 लाख 70 हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात, असा अंदाज काढला. हाडाची नेढं असलेली सुई मात्र बरीच नंतरची. ही गोष्ट मुलांना सांगा, ती डोकं खाजवत ऐकतात!

ऊन, काटे आणि डास यांपासून कपडे वाचवतात, हे मुलांना चटकन समजतं. राहता राहिली लाज. ‘शी, लाज नाही वाटत?’ हे पहिलं उत्तर असू नये, असं मला मनापासून वाटतं. शरीराचे काही भाग खासगी असतात आणि ते झाकायचे असतात, हे जरूर सांगावं. पण शांतपणे, शरीराबद्दल किळस न पेरता.

शेवटी बाहुलीला स्वेटर घाला आणि मुलालाही घाला. अर्ध्या तासानं त्याला आधी बाहुलीच्या स्वेटरच्या आत हात घालून तिचं पोट चाचपायला सांगा, मग स्वतःचं. शेगडी कुणात आहे, ते त्याचं तोच सांगेल.