फ्लोटिंग पॉइंटमधली इन्फिनिटी आणि सबनॉर्मल संख्या

कॉम्प्युटरमध्ये दशांशाचे आकडे ठेवायची नेहमीची पद्धत म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, आणि आज जवळपास सगळे प्रोसेसर त्यासाठी आयईईई ७५४ हे १९८५ चं स्टँडर्ड पाळतात. त्यातल्या 'डबल' प्रकारात ६४ बिट असतात, १ चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. जागा एवढीच, म्हणून दोन्ही टोकांना काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलंय.

वरचं टोक, म्हणजे सगळ्यात मोठी संख्या, साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात. त्यात १ मिळवला की इन्फिनिटी होईल असं वाटतं पण नाही होत, कारण तिथे शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतरच १० च्या २९२ व्या घाताच्या दुप्पट आहे, तो १ कुठल्या कुठे हरवतो. दुप्पट केली तर मात्र इन्फिनिटी. १ भागिले ० पण इन्फिनिटी, आणि शून्य उणे असेल (चिन्हाचा बिट वेगळा असल्याने इथे शून्यही उणे असू शकतं) तर उणे इन्फिनिटी. हे खरंच कामाचं आहे: पॅरलल रेझिस्टन्सच्या सूत्रात (प्रत्येक रेझिस्टन्सने १ ला भागून बेरीज करायची, मग त्या बेरजेने १ ला भागायचं) एक रेझिस्टन्स शून्य टाका, मधे इन्फिनिटी येते आणि शेवटी उत्तर बरोबर शून्यच येतं. इन्फिनिटीतून इन्फिनिटी वजा केली तर मात्र 'नॅन', म्हणजे संख्याच नाही, आणि नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो.

पण खरी वादावादी झाली ती खालच्या, म्हणजे शून्याजवळच्या टोकावरून. नॉर्मल, म्हणजे पूर्ण अचूकतेच्या संख्या २.२ गुणिले १० च्या उणे ३०८ व्या घातापाशी संपतात. जुन्या बऱ्याच मशीन त्याखालचं सगळं सरळ शून्य करायच्या, मग ३ आणि २.५ गुणिले तोच घात हे दोन वेगळे आकडे असूनही त्यांची वजाबाकी शून्य यायची, आणि 'दोन्ही वेगळे आहेत ना' असं तपासून त्या फरकाने भागणारा प्रोग्रॅम तरीही शून्याने भागायचा. बर्कली विद्यापीठातले विल्यम काहान यांनी म्हणूनच स्टँडर्ड ठरवताना सबनॉर्मल, म्हणजे त्या हद्दीखालच्या संख्यांचा आग्रह धरला: अचूकता एकेक बिट कमी होत जाते पण आकडा ४.९ गुणिले १० च्या उणे ३२४ व्या घातापर्यंत टिकतो. कॉम्प्युटर बनवणाऱ्या डीईसी कंपनीचा याला विरोध होता, हार्डवेअर महाग आणि हळू होईल म्हणून. शेवटी काहान यांचंच म्हणणं स्टँडर्डमध्ये आलं, त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा मानला जाणारा १९८९ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला.

वेगाची तक्रार अगदीच खोटी नव्हती. ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये घुमणारा आवाज विरत जातो तेव्हा आकडे सबनॉर्मलमध्ये शिरतात आणि काही प्रोसेसर तिथे बरेच मंदावतात, त्यामुळे असे प्रोग्रॅम त्यांना मुद्दाम शून्य करून टाकतात, तेवढा बारीक आवाज तसाही कोणाला ऐकू येत नाही.