पराटीची राख अन् अर्थशास्त्र

कापूस वेचून झाला की आमच्याकडे पराट्या उपटून घरामागं रचून ठेवतात, पुढं कित्येक महिने चूल त्याच्यावरच. एक पेंढी जळली की चार भाकरी होतात, गंजात थोडं पाणी तापतं, बाकीची उष्णता गेली धुरात अन् भिंतीत. उरते राख. तिनं भांडी घासा, नाहीतर वाफ्यात टाका, पण तिच्यावर परत भाकरी काही भाजून होत नाही.

आता हे आमच्या आजीलाही माहीत होतं, पण शास्त्रात यायला १८२४ उजाडलं. फ्रान्सचा सादी कार्नो वाफेच्या इंजिनाचा हिशोब मांडत होता, त्याच्या लक्षात आलं की इंजिन कितीही भारी बनवा, सगळ्या उष्णतेचं काम होतच नाही, काही थंड बाजूला सोडावीच लागते. १८६५ ला जर्मनीच्या क्लॉसियसनं यातूनच एन्ट्रॉपी हा शब्द आणला, म्हणजे ऊर्जा किती बिनकामाची झाली त्याचं माप. ऊर्जा संपत नाही, पण कामाची राहत नाही. आपल्या चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या थर्मललाही ते चुकलं नाही, कोळशातल्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते, बाकी कूलिंग टॉवर अन् चिमणीतून हवेत.

अर्थशास्त्रवाल्यांनी याच्याकडं बघितलंच नाही. रसायनशास्त्राचं १९२१ चं नोबेल मिळालेला फ्रेडरिक सॉडी १९२६ ला पुस्तक लिहून सांगत होता, की खरी संपत्ती सडते, झिजते, कर्ज मात्र चक्रवाढीनं वाढतच जातं. घरात भरलेला कापूस पिवळा पडतो, सावकाराच्या वहीतला आकडा पडतो का? पण त्याला विक्षिप्तात काढलं. १९७१ ला जॉर्जेस्कू-रोगेन या अर्थशास्त्रज्ञानं एन्ट्रॉपी थेट अर्थशास्त्रात आणली, अन् दोनच वर्षांनी खनिज तेलाचे भाव भडकले.

पण जॉर्जेस्कू-रोगेनच्या कितीतरी आधी आपल्या वर्ध्यात, ग्रामोद्योगाच्या मगनवाडीत, गांधीजींचे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा बसले होते. मूळचे चार्टर्ड अकाउंटंट, त्यामुळे भांडवल कोणतं अन् उत्पन्न कोणतं हे बरोबर कळायचं. जेलमध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कोळसा-तेल म्हणजे साठा, वापरला की संपला, अन् जंगल-पीक म्हणजे चालू आवक, असे दोन भाग पाडले. एन्ट्रॉपीचं गणित नाही मांडलं, पण बोट बरोबर जागी ठेवलं असं मला तरी वाटते. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर चालणारा मगनदीप हा दिवा मगनवाडीतलाच.

आता आमच्या वावरात सोलर पंप आहे. रात्री दोनला मोटर लावायला जावं लागत नाही, पण तोही काही फुकटात नाही, पॅनल बनवायला भट्टी पेटवावीच लागते, अन् चार दिवस धूळ पुसली नाही तर पाइपाची धार बारीक होते.