ओंताके चढण्याआधीचा ‘तोझान तोदोके’: नाशिकच्या ट्रेकर्सचे अर्ज कुठे अडतात

जपानला ट्रेकला निघालेल्या नाशिककरांचे कागद मी बघून देतो. व्हिसाची फाइल सगळे जिवापाड जपतात. आणि डोंगराचा कागद, म्हणजे ‘तोझान तोदोके’, चढाईची आगाऊ नोंद, हा विमानतळावर बसून घाईघाईत मोबाइलवर भरतात. चुका होतात त्या इथेच.

ओंताके हा ३,०६७ मीटरचा जिवंत ज्वालामुखी, नागानो आणि गिफू या दोन प्रांतांच्या हद्दीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार. सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी, जेवणाच्या वेळेला माथ्यावर गर्दी असताना, वाफेचा स्फोट झाला. ५८ जण गेले, ५ जणांचा पत्ता लागलाच नाही. लाव्हा आला नव्हता. बहुतेकांचा जीव उडालेल्या दगडांनी घेतला. त्यातल्या फार थोड्यांनी नोंद केली होती, त्यामुळे वर नक्की कोण कोण आहे हेच शोधपथकांना कळेना.

नोंदीला फी नाही, नागरिकत्वाची अट नाही. गिफूच्या बाजूने नोंद न करता चढलात तर ५०,००० येनपर्यंत दंड आहे. नागानोत दंड नाही, पण नोंद तिथेही बंधनकारक. ‘कोम्पासु’ या ऑनलाइन यंत्रणेवर भरा किंवा वाटेच्या तोंडाशी असलेल्या पेटीत कागद टाका. पेटीत टाकलात तर एक प्रत घरी ठेवाच. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. वाटा, मुक्काम, सामान हे रकाने सोपे आहेत.

सगळ्यात जास्त अडतं ते ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात. मागच्या खेपेला पाच जणांचा एक गट आला होता. पाचही जणांनी एकमेकांचेच नंबर दिलेले! अरे, पाचही जण एकाच डोंगरावर असणार, मग फोन उचलणार कोण? इथे घरचं माणूस हवं, नंबराआधी +९१ हवं, आणि त्या माणसाला तुमची वाट आणि उतरायची वेळ तोंडपाठ हवी.

दुसरी चूक ‘लेव्हल १’ची, म्हणजे ज्वालामुखीच्या धोक्याच्या इशाऱ्याची सगळ्यात खालची पातळी. लेव्हल १ दिसलं की पोरं निर्धास्त होतात. स्फोट झाला त्या दिवशी ओंताके लेव्हल १वरच होता. तेव्हा त्या पातळीचं नाव ‘सामान्य’ होतं. २०१५ मध्ये ते बदलून ‘हा जिवंत ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा’ अशा अर्थाचं केलं गेलं. हे आधी सुचायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

वाफेचा स्फोट आधी फारशी चाहूल देत नाही, कारण त्यात वितळलेला खडक वर यावा लागत नाही. खोलवरचं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर तापूनही पाणीच राहतं. वरचं झाकण तडकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती साधारण १,७०० पट जागा मागते. २०१४ मध्ये दोन आठवडे आधी बारीक भूकंप वाढले होते, पण सलग थरथर सुरू झाली ती स्फोटाच्या फक्त ११ मिनिटं आधी. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि पहाटे, दोनदा पातळी तपासा. लेव्हल २ म्हणजे विवराजवळ बंदी, ३ म्हणजे डोंगरावरच जाऊ नका. पातळी १ असली तरी एखादी वाट बंद असू शकते, ते स्थानिक नगरपालिका ठरवते. सामानाच्या यादीत हेल्मेट नुसतं लिहू नका, न्या. दुचाकीचं नको, गिर्यारोहणाचं. विमा घेताना उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेलं असतं.

शेवटचा मुद्दा उतरल्याच्या नोंदीचा. ऑनलाइन अर्ज केला असेल तर खाली आल्यावर ‘उतरलो’ असं कळवावं लागतं, नाहीतर घरच्या माणसाला मेल जातो. एक मुलगा हे विसरला आणि फोन लॉकरमध्ये ठेवून गरम कुंडात जाऊन बसला. इंदिरानगरहून त्याच्या आईचा मला फोन आला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. खाली उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी ते बटण दाबा. आणि अर्जात वेळ जपानचीच लिहा, ती आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते.