क्राकूवचे विद्यापीठ: तिकिटे, नाणी आणि पदकांमागचा इतिहास

पोलंडमध्ये 50 झ्लॉटींच्या नोटेवर राजा काझिमिएश तिसरा आहे आणि 100 झ्लॉटींच्या नोटेवर राजा यागिएवो. क्राकूवचे यागिएलोनियन विद्यापीठ पहिल्याने स्थापन केले आणि दुसऱ्याने पुन्हा उभे केले, तरीही 1995 साली व्यवहारात आलेल्या या नोटांवर विद्यापीठाचा उल्लेख आढळत नाही. शंभराच्या नोटेच्या मागील बाजूस माल्बोर्कचा किल्ला आहे, ट्यूटॉनिक सरदारांचे, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचे, मुख्य ठाणे; म्हणजे तेथे यागिएवो आठवतो तो या सरदारांशी लढलेला विजेता म्हणून. विद्यापीठाचा थेट गौरव पाहायचा असेल तर 1964 सालची टपाल तिकिटे आणि नाणे हाती घ्यावे लागते, आणि त्यांवर नेमक्या कोणाच्या प्रतिमा आल्या हे समजण्यासाठी सहाशे वर्षे मागे जावे लागते.

काझिमिएशने 12 मे 1364 रोजी स्थापनेची सनद दिली. मध्य युरोपात त्यापूर्वी केवळ प्रागचे विद्यापीठ (1348) होते. राजाला कायदा जाणणारे अधिकारी हवे होते आणि हा हेतू सनदेत स्पष्ट उमटला आहे: अकरा अध्यासनांपैकी आठ कायद्याची, दोन वैद्यकाची आणि एकच इतर विद्यांचे. धर्मशास्त्राच्या शाखेला पोप अर्बन पाचवे यांनी अनुमती दिली नाही. प्राध्यापकांचे वेतन विएलिचकाच्या मिठाच्या खाणींतून राजाला मिळणाऱ्या उत्पन्नातून द्यावयाचे होते. विद्येचा खर्च मिठावर चालावा, ही तरतूद मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी नोंद वाटते, कारण त्या राज्यात याहून खात्रीचे उत्पन्न क्वचितच दुसरे असेल. तरीही 1370 साली राजाचा मृत्यू झाला आणि संस्था जवळजवळ बंद पडली.

तिचे पुनरुज्जीवन यादविगामुळे झाले. 1384 साली, वयाची अकरा वर्षेही पुरती झाली नसतील तेव्हा, तिचा राज्याभिषेक झाला आणि तोही 'राणी' म्हणून नव्हे तर 'राजा' या पदवीने; राज्य तिच्या स्वतःच्या अधिकाराचे होते, पतीकडून आलेले नव्हते. पुढे तिचा विवाह लिथुआनियाच्या यागिएवोशी झाला. पोप बोनिफेस नववे यांच्याकडून धर्मशास्त्र शाखेची परवानगी 1397 साली मिळाली ती याच दांपत्याच्या प्रयत्नांनी. 1399 च्या उन्हाळ्यात प्रसूतीनंतर यादविगाचे निधन झाले, आणि तिने आपले दागिने विद्यापीठासाठी ठेवले असल्याचे मृत्युपत्रातून पुढे आले. 1887 साली तिची कबर उघडली गेली तेव्हा तिच्यासोबत पुरलेला राजदंड आणि राजगोल सोन्याचे नव्हे, तर मुलामा दिलेल्या लाकडाचे निघाले. यागिएवोने 26 जुलै 1400 रोजी नवी सनद दिली आणि त्याच वर्षी विद्यापीठासाठी घेतलेल्या घरातून पुढे 'कोलेगियुम माइयुस' ही आजही उभी असलेली वास्तू आकाराला आली. 'यागिएलोनियन' हे नाव मात्र बरेच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. ज्या स्त्रीच्या दागिन्यांवर संस्था पुन्हा उभी राहिली तिचे नाव संस्थेला मिळाले नाही. पतीच्या घराण्याचे मिळाले.

1964 साली सहाशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा पोलंडच्या टपाल खात्याने पाच तिकिटांची मालिका काढली. 40 ग्रोशांच्या (एका झ्लॉटीचे शंभर ग्रोश) दोन तिकिटांवर काझिमिएश आणि हुगो कोवोंताय होते, 60 ग्रोशांच्या दोन तिकिटांवर इतिहासकार यान द्वुगोश आणि निकोलस कोपर्निकस, तर अडीच झ्लॉटींच्या सर्वांत मोठ्या तिकिटावर यागिएवो व यादविगा एकत्र. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. कोपर्निकस 1491 पासून सुमारे चार वर्षे येथे शिकला. कोवोंतायने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी केली आणि विज्ञानाला मानाचे स्थान दिले. साम्यवादी राजवटीला धर्मसंस्थेच्या आश्रयाने वाढलेल्या विद्यापीठातून खगोलज्ञ आणि सुधारक पुढे आणणे सोयीचे होते, हे खरे; पण दोघेही त्या मानास पूर्णपणे पात्र होते. त्याच वर्षी काझिमिएशच्या प्रतिमेचे 10 झ्लॉटींचे नाणे निघाले. त्याचे दोन प्रकार आहेत, एकावर अक्षरे उठावाची तर दुसऱ्यावर कोरीव, आणि संग्राहक आजही ते वेगवेगळे नोंदवतात.

त्या सोहळ्याला जवळचीही एक पार्श्वभूमी होती. 6 नोव्हेंबर 1939 रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने 'कोलेगियुम नोवुम' या इमारतीत बोलावले आणि 183 जणांना अटक केली. त्यांपैकी बहुतेकांची रवानगी साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत झाली. कित्येक जण तेथे किंवा सुटकेनंतर लगेच दगावले. पुढे युद्धकाळातच गुप्त वर्ग भरू लागले. शेकडो विद्यार्थ्यांनी जिवावर उदार होऊन तेथे शिक्षण घेतले. नंतर पोप झालेले कारोल वोयतिवा हे त्यांतलेच एक. 1964 साली सभागृहात बसलेल्या अनेक वयस्कांनी हे सारे स्वतः सोसले होते, म्हणून त्या छोट्याशा तिकिटांना केवळ वर्धापनदिनाची स्मृतिचिन्हे म्हणता येत नाही.

पदके विद्यापीठ स्वतः देते. 'मेरेंतिबुस', म्हणजे 'पात्र असलेल्यांना', हे त्यांतील एक मानाचे पदक. दुसऱ्याचे नाव विद्यापीठाच्या लॅटिन ब्रीदवाक्यावरूनच घेतले आहे, 'प्लुस रातिओ क्वाम वीस', म्हणजे बळापेक्षा विवेक थोर.

यादविगाला स्वतंत्र नाण्यासाठी 1988 सालापर्यंत थांबावे लागले. पोलंडच्या राज्यकर्त्यांच्या मालिकेत त्या वर्षी 100 झ्लॉटींचे नाणे निघाले, आणि त्यावर ती पतीच्या शेजारी नव्हे, तर एकटी आहे.