जुडीतली पात अजून श्वास घेते

येळवशीच्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या वेळा अमावास्येच्या, आदल्या संध्याकाळी लातूरच्या भाजीबाजारात कांद्याच्या पातीला मोठं गिऱ्हाईक असतं. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत, तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे हवेत, तशी पातही हवीच. लागते एक जुडी, पण शेतात किती माणसं जेवायला येतील याचा नेम नसतो, म्हणून चार आणल्या जातात. उरलेल्या जुड्या दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडतात. शेंडे पिवळे, मधली पानं मलूल, आणि सुतळी जिथे आवळली होती तिथे बुळबुळीत.

एका जुडीत ही तीन लक्षणं दिसतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकदा कळली की पात कशी ठेवायची हे पाठ करावं लागत नाही.

पिवळेपणापासून सुरुवात करू. उपटलेली पात मेलेली नसते. तिच्या पेशी हवेतला ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडी उष्णता बाहेर टाकतात. शेतात असताना पान उन्हात नवी साखर बनवत होतं. आता येणं थांबलं आणि खर्च तेवढा चालू राहिला. साखर संपत आली की पान आपलंच हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडायला लागतं, आणि हिरवा रंग जाऊन पिवळा दिसतो. हा श्वास किती वेगाने चालेल ते तापमानावर ठरतं. साधारण दर १० अंशांमागे तो दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणूनच जानेवारीत, परभणीत पारा १० च्या खाली उतरतो त्या दिवसांत, ओसरीवर ठेवलेली जुडीसुद्धा बरी राहते आणि एप्रिलमध्ये तीच जुडी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर ओलाव्यात पात तीन-चार आठवडे टिकते. घरचा फ्रिज ४-५ अंशांचा, त्यात नीट ठेवली तर आठवडाभर सहज निघतो.

मान टाकण्याचं कारण निराळं आहे. पातीची नळी आतून पोकळ असते आणि तिला आधाराला लाकूड नसतं. ती उभी राहते ती पेशींमध्ये ठासून भरलेल्या पाण्यावर. भरलेली पखाल ताठ असते, रिकामी झाली की लोळते, तसंच हे. पाणी निघून जातं ते कोरड्या हवेत. ५ अंशांची एक घनमीटर हवा फार तर ७ ग्रॅम वाफ सामावू शकते, ४० अंशांची जवळपास ५१ ग्रॅम. मे महिन्यातली आपल्याकडची हवा म्हणजे एवढं मोठं भांडं आणि तेही बहुतेक रिकामं. ते समोर येईल त्यातून पाणी ओढून घेतं, मग ती पात असो, माठ असो की आपले ओठ.

पातीवर बोट फिरवा. पांढुरका थर पुसला जातो आणि खालचा गर्द हिरवा रंग उघडा पडतो. तो थर मेणाचा आहे आणि पानातलं पाणी तोच अडवून धरतो. आणल्या आणल्या जुडी खसाखसा धुण्याची सवय म्हणून वाईट. मुळांची काळी माती झटकावी, पिवळी पानं काढावीत आणि धुणं चिरायच्या वेळेवर सोडावं.

सडण्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे आपली चूक बहुधा काळजीपोटीच होते. पानाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. मऊ सड करणारे जिवाणू हे पेक्टिन विरघळवतात, म्हणून पात वाळत नाही तर शेंबडासारखी होते. हे जिवाणू मातीतून येतात आणि खरचटलेल्या, आवळलेल्या जागेतून आत शिरतात. सुतळीखालची जागा आधी का जाते ते यातून कळतं. घरी आल्यावर बंध पहिल्यांदा सोडावा. जिवाणूंना पसरायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. पातीला हवा दमट हवी, पण अंग कोरडं हवं. ओल्या जुडीला प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवली की हवा दमट होते हे खरं, पण पानाच्या श्वासातली वाफ गार पिशवीला थेंब होऊन चिकटते आणि परत पानावरच उतरते.

यातला मध्यममार्ग म्हणजे जुन्या सुती साडीचा तुकडा. पात त्यात सैल गुंडाळायची, मग पिशवीत ठेवायची आणि पिशवीचं तोंड थोडं उघडं सोडायचं. कापड थेंब पिऊन घेतं आणि हवा कोरडी झाली की तोच ओलावा परत देतं. नुसती उघडी पात फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिजची हवा कोरडी असते, कारण तिच्यातली वाफ आतल्या गार नळ्यांवर बर्फ होऊन बसते. जमल्यास जुडी उभी ठेवा. आडवी ठेवलेली पात शेंड्याकडून वर वळायला लागते. उपटल्यावरही तिला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत असतं आणि खालच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती जुडी किती वेळ नुसती हातात धरून बसलो होतो.

वीज दिवसदिवस जाते त्या गावांत फ्रिजचा भरवसा नाही. तिथे गोणपाट आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलं कापड जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास उतरू शकतं. प्रत्यक्षात दोन-चार अंश वरच थांबतं, तरी फरक मोठा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात याच तत्त्वावर विटांच्या दुहेरी भिंतीचा आणि मधल्या ओल्या वाळूचा शीतकक्ष तयार केला. त्याला वीज लागत नाही. घरी मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधे ओली वाळू भरली आणि वर ओलं गोणपाट टाकलं तरी तेच काम होतं, फक्त गोणपाटाचं पाणी पातीवर ठिबकू देऊ नये. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा या युक्तीला फार मानवतो. श्रावणात मात्र हवा आधीच ओलीने भरलेली असते, वाफ निघत नाही आणि गारवाही मिळत नाही. टंचाईच्या दिवसांत वाळू भिजवायला कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी चालतं.

चिरलेली पात फार तर एक दिवस ठेवावी. सुरी लागली की पेशीत वेगवेगळे ठेवलेले गंधकाचे संयुग आणि विकर (एन्झाइम) एकत्र येतात, उग्र वास सुटतो आणि फुटलेल्या पेशींचा गोड रस जिवाणूंच्या हाती लागतो. फार उरली असेल तर धुऊन, पूर्ण सुकवून, चिरून बर्फाच्या कप्प्यात टाका. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे ती पात भाकरीबरोबर कच्ची खायला लिबलिबीत लागते. पिठल्यात काही कळत नाही.

आणि पांढरं बूड मुळांसकट राहिलं असेल तर तांब्यात बोटभर पाणी घालून खिडकीत उभं करा, पाणी रोज बदला. कांद्याचं पान शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच कापलेल्या नळीच्या मधून कोवळा हिरवा कोंब वर येताना दिसेल.