फेनॉमेनॉलॉजी की ग्राउंडेड थिअरी? आधी तुमचा प्रश्न तपासा

‘सदर संशोधनात फेनॉमेनॉलॉजी पद्धतीने, सॅच्युरेशन येईपर्यंत मुलाखती घेऊन सिद्धांत मांडला जाईल.’ मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) असं वाक्य आलं की मला तिथंच थांबावंसं वाटतं. फेनॉमेनॉलॉजी ही एक परंपरा आहे, जगलेला अनुभव आतून कसा असतो हे पाहणारी. सॅच्युरेशन (नवं काही मिळेनासं होईपर्यंत मुलाखती घेणं) आणि सिद्धांत यांची मागणी करते ती दुसरीच, ग्राउंडेड थिअरी, म्हणजे माहितीतूनच सिद्धांत उभा करणारी पद्धत. दोन्हींत मोबाइलवर मुलाखत रेकॉर्ड होते, ती शब्दशः उतरवली जाते आणि आकडेमोड जवळपास नसते, म्हणून घोटाळा होतो. फरक मुलाखतीच्या आधी, प्रश्नातच पडलेला असतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती हंगामभर तोडीतून फेडायची असते. यावर दोन प्रश्न विचारता येतात. उचल अंगावर असताना जगणं त्या बाईच्या अनुभवात कसं असतं? हा फेनॉमेनॉलॉजीचा प्रश्न. उचल फिटलेली नसतानाही घर पुढच्या हंगामाला पुन्हा कसं तयार होतं, कोण ठरवतं, काय घडल्यावर ठरतं? हा ग्राउंडेड थिअरीचा. पहिल्यात अनुभवाचं स्वरूप हवं आहे, दुसऱ्यात एका प्रक्रियेचा उलगडा.

पहिल्या वाटेनं जाणारी संशोधक विचारेल, ‘मावशी, उचल घेतली त्या दिवशीचं सांगा की.’ मत विचारायचं नाही, घडलेला प्रसंग विचारायचा. समजा मावशी म्हणाल्या, ‘पैसं मोजतानाच मला फड दिसाया लागला बघा.’ फड म्हणजे तोडायचा ऊस उभा असलेलं शेत. या एका वाक्यापाशी फेनॉमेनॉलॉजी बराच वेळ बसते. हातात आलेला पैसा त्यांना मिळकत म्हणून भेटतच नाही. अजून न केलेलं काम म्हणून भेटतो. घरातल्या त्या क्षणात पुढचे पाच-सहा महिने येऊन बसलेले असतात. मग संशोधक कल्पनेत एकेक गोष्ट बदलून पाहते. हाच पैसा बचत गटाचा असता तर? तो मोजताना मावशी तिथं नसत्याच तर? जे काढल्यावर अनुभव तो अनुभवच राहत नाही, ते त्याचं मूळ अंग.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आमेदेओ जॉर्जी यांच्या फेनॉमेनॉलॉजी पद्धतीचा गाभा हाच आहे. संपूर्ण वर्णन वाचायचं, अर्थ जिथं बदलतो तिथं तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा मानसशास्त्राच्या दृष्टीनं मांडायचा आणि शेवटी अनुभवाची रचना लिहायची. जॉर्जी यांची स्वतःची कारकीर्दही पाहण्यासारखी आहे. १९५८ मध्ये त्यांनी फोर्डम विद्यापीठातून प्रायोगिक मानसशास्त्रात पीएचडी मिळवली. प्रयोगशाळेच्या चौकटीत माणसाचा अनुभव मावत नाही हे जाणवल्यावर ते फेनॉमेनॉलॉजीचा पाया घालणारे तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांच्या विचाराकडे वळले. १९६२ पासून पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात शिकवताना त्यांनी ही पद्धत घडवली आणि १९७० मध्ये या विषयाला वाहिलेलं नियतकालिकही सुरू केलं.

हुसर्लकडून आलेली सगळ्यात अवघड अट म्हणजे एपोखे: आपल्याला आधीपासून जे माहीत आहे ते बाजूला ठेवायचं. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ही अट जास्तच जड जाते, कारण बऱ्याचदा त्याचेच चुलते-मामा फडावर गेलेले असतात. ‘शोषण’, ‘कर्जाचा सापळा’ हे शब्द त्याच्या ओठांवर तयार असतात. शोषण आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण मावशींच्या अनुभवात ते कसं उतरतं हे दिसण्याआधीच तो शब्द वापरला, तर मावशींचं बोलणं फक्त त्याचा पुरावा बनून राहतं. मला हा अन्याय वाटतो.

दुसरी वाट, ग्राउंडेड थिअरी, समाजशास्त्रातून आली. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास केला. आपण जगत नाही हे रुग्णाला माहीत आहे की नाही, आणि त्यावरून डॉक्टर, परिचारिका, नातलग कसे वागतात, हे त्यांनी उलगडलं. पद्धतीची मांडणी १९६७ मध्ये आली. मरणाच्या दारातला अनुभव कसा असतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

ऊसतोडीच्या अभ्यासात या वाटेनं गेलं, तर पहिल्या काही मुलाखतींनंतरच कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या तुकड्यांना नावं देऊन त्यांची वर्गवारी करणं, सुरू होईल. मुलगी दहावीला असलेल्या घरात निर्णय वेगळा होतोय असं दिसलं, तर पुढची मुलाखत मुद्दाम तशाच घरात घ्यायची, मग कदाचित मुकादमाची. नवीन मुलाखतीतून आपल्या वर्गवारीत नवं काही पडेनासं झालं की थांबायचं. सॅच्युरेशन म्हणतात ते हे, आणि ते इथंच शोभतं.

(इंटरप्रिटेटिव्ह फेनॉमेनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस ही तिसरी वाट जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडली. ती फेनॉमेनॉलॉजीच्याच घरातली, पण संशोधकानं लावलेल्या अर्थाला तिथं उघडपणे जागा आहे.)

व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) प्रश्न येतोच: ‘फक्त तीन-चारच बायका?’ जॉर्जी किमान तीन जणांची वर्णनं सुचवतात. हेतू असा, की एकीची खास गोष्ट कुठली आणि अनुभवाची समान रचना कुठली, हे वेगळं काढता यावं. ऊसतोड करणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना असं वाटतं, हा दावा तुम्ही केलेलाच नाही. उत्तर एवढंच द्यायचं, मान खाली न घालता. मात्र प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘बहुसंख्य स्त्रियांना’ असं लिहून ठेवलं असेल, तर परीक्षकांचा आक्षेप बरोबर आहे.

पुढं मानसशास्त्र विभागात शिकवायचं असेल, समुपदेशनाकडे ओढा असेल, तर माणसाच्या एका वाक्यापाशी थांबण्याची फेनॉमेनॉलॉजीची सवय तुमच्या रोजच्या कामात उतरेल. समाजकार्य किंवा ग्रामीण विकासाच्या बाजूला, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे तशा ठिकाणी जायचं असेल, तर ग्राउंडेड थिअरी जवळची वाटेल. निर्णय कुठं वळतो हे कळलं की हस्तक्षेप कुठं करायचा तेही सुचतं. पण नोकरीकडे पाहून पद्धत आधी निवडू नका. आरआरसीसमोर, म्हणजे संशोधनाचा विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, जाण्यापूर्वी संशोधनाचा प्रश्न एका कागदावर लिहून तो गाइडला आणि फडावर जाऊन आलेल्या एखाद्या बाईला, दोघांनाही वाचून दाखवा. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय, हे त्या दोघांनाही कळलं पाहिजे.